राखण

मंगळवारी सकाळी धनराजने चहाचा पहिला घोट घेतला आणि तो दचकला. चहा गोड होता. पाहुण्याला देतात तसा, चांगली दोन चमचे साखर घातलेला. चार वर्षांत या घरात त्याच्या कपात साखरेचा दाणा पडला नव्हता. त्याला वाटलं, कप बदलला असेल. पण नंदिनीचा कप ओट्यावर तिच्या हाताशी होता, आणि मुलगी दिव्यानी आपला चहा संपवून केव्हाच बारावीच्या क्लासला निघून गेली होती. नंदिनी त्याच्याकडे पाठ करून डब्यासाठी बटाटे चिरत होती. तिच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. बोळा पांढरा दिसत होता, म्हणजे आज रक्त आलं नव्हतं. चहाचं विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण विचारलं असतं तर बोलणं सुरू झालं असतं, आणि बोलणं फिरून फिरून रविवारपर्यंत गेलं असतं. न विचारताच तो सगळा चहा प्याला. तळाशी न विरघळलेली साखर होती, तीही त्याने बोटाने पुसून चाटली. मग त्याला फार बरं वाटलं. बाईमाणसाचा राग असा दोन दिवसांत उतरतो, त्याच्या मनाने सांगितलं. चहा गोड केला म्हणजे माफ केलं.

रविवारी दुपारी त्याने तिला मारलं होतं. गावाहून मायने नवा तांदूळ पाठवला होता, या हंगामातला पहिला एचएमटी जातीचा, आणि नव्या भाताचा वास घरभर सुटला होता. सकाळी उपाशीपोटी नंदिनीने त्याच्या बोटाला सुई टोचून मशीनवर शुगर पाहिली होती. दोनशे शहाऐंशी. आकडा तिने नेहमीसारखा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिला आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. दुपारी ताटात दोन भाकरी, हरभऱ्याची भाजी, जवसाची चटणी आणि अर्धी वाटी भात. भात चार घासांत संपला. त्याने ताट पुढे केलं. ती नाही म्हणाली. त्याने भाताचा गंज स्वतःकडे ओढला. तिने गंजावर हात ठेवला आणि सकाळचा आकडा आठवा म्हणाली. भाकरी उलटायचा लोखंडी सराटा त्याच्या हातात कसा आला हे नंतर कितीही आठवलं तरी त्याला आठवेना. आठवत होता तो आवाज, सपाट पातं कानशिलावर बसल्याचा, ओल्या धुण्यावर मोगरी बसावी तसा. ती ओट्याच्या कडेवर आदळली. दुसऱ्यांदा त्याने हाताने मारलं. तिसऱ्यांदा लाथेने, ती खाली बसलेली असताना. दिव्यानी आतल्या खोलीतून आली आणि दारात उभी राहिली. ती ओरडली नाही. तिने आईला काखेत हात घालून उठवलं, भिंतीशी टेकवून उभं केलं, मग तो भाताने भरलेला गंज उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि आईला घेऊन आत गेली. आणि तो जेवला. बाकी कशापेक्षा हेच त्याला जास्त टोचत होतं, की तो जेवला. शितं मिशीला चिकटत होती, आतून नंदिनीच्या कण्हण्याचा आवाज येत होता, आणि भात चांगला लागत होता.

ही पहिली वेळ नव्हती. कितवी होती हे त्याला ठाऊक होतं, पण तो ते बोटांवर येऊ देत नसे. त्याच्याजवळ दोन कारणं होती आणि दोन्ही त्याला पटलेली होती. एक, शुगर. शुगरवाल्या माणसाला राग आवरत नाही, असं खाणीतले सगळेच म्हणत. शुगर चढली की डोक्यात मुंग्या येतात, उतरली की हातपाय लटपटतात, मध्ये जो माणूस सापडेल तो मार खातो. यात माणसाचा काय दोष. दुसरं कारण रक्ताचं. त्याचा बाप लटारू सगळ्या गावात मारका म्हणून ओळखला जायचा. बैल हाकायच्या तुतारीने तो बायकोला मारायचा, आणि तुतारीच्या टोकाला खिळा असतो. धनराज आठ वर्षांचा असताना लटारूने रुखमाबाईचा, म्हणजे मायचा, हात उखळाच्या काठावर दाबून धरला होता आणि वरून पायाने दाबला होता, कारण भाजीत मीठ नव्हतं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज धनराजने ऐकला होता. ओली काडी मोडताना येतो तसा, कोरडीसारखा कडकडीत नाही. हाड तसंच वाकडं जुळलं. त्या बापाच्या मानाने आपण काहीच नाही, असं धनराज स्वतःला सांगत आला होता. आपण नोकरी करतो, दारू पीत नाही, पगार घरात देतो, मुलीला शिकवतो. आपल्या हातात तुतारी नसते.

कोळशाच्या खाणीवर तो काटाघरात होता. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, समोरच्या पडद्यावर वजन उमटायचं, तो पावती काढून खिडकीतून द्यायचा, की पुढचा ट्रक. आठ तास बसून. खिडकीच्या फटीतून काळी धूळ येऊन त्याच्या मानेच्या घड्यांत बसायची. एकोणीस वर्षांत तो तिथे बसूनच जाड झाला होता, टपरीवरचे समोसे खात, ड्रायव्हरांबरोबर चहा पीत, आणि एकदा ड्युटीवरच चक्कर येऊन पडल्यावर कळलं होतं की शुगर चारशेच्या वर आहे. डॉक्टरबाईंनी तेव्हा जे सांगितलं ते त्याने ऐकल्यासारखं केलं. ऐकलं नंदिनीने. तिने एका वहीत सगळं उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. पहाटे साडेपाचला ती त्याला उठवायची आणि दोघं चंद्रपूरच्या रामाळा तलावापर्यंत चालत जायची, ती साडीवर स्वेटर आणि पायात दिव्यानीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून. परत आल्यावर ती कोमट पाण्यात त्याचे पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची, आणि तळव्यांना कुठे चीर, फोड, लाली आहे का ते आरसा धरून बघायची. गोळी जेवणाआधीची, गोळी जेवणानंतरची. समोसा खाऊ नये म्हणून डब्यात भाजलेले फुटाणे. त्याला हे सगळं पहाऱ्यासारखं वाटे. ज्या दिवशी आकडा चांगला यायचा त्या दिवशी तो स्वतःवर खूश व्हायचा, आणि वाईट यायचा त्या दिवशी तिच्यावर चिडायचा.

त्या मंगळवारी डब्यात बटाट्याची भाजी आणि भरपूर भात निघाला. त्याने बोटं चाटत खाल्ला. बुधवारी पहाटे त्याला कोणी उठवलं नाही. सात वाजता जाग आली तेव्हा उन्हं खिडकीत आली होती आणि चहा तयार होता, गोड. बोटाला सुई टोचायला कोणी आलं नाही. कॅलेंडरवर सोमवारपासूनचे चौकोन रिकामे होते. तो दिवसही त्याला सुटीसारखा वाटला. काटाघरात दुपारी डोळ्यांवर पेंग येत होती, तहान लागत होती, तो तासातासाला लघवीला जात होता, तरी त्याने ते मनावर घेतलं नाही. गुरुवारी काटाघरात त्याने पाय मोकळे करायला बूट काढला तर डावा मोजा करंगळीशी चिकटलेला. ओढून काढला तर मोज्याला तांबूस पिवळा डाग आणि करंगळीखाली रुपयाएवढं कातडं निघालेलं, आत लाल मांस. बुटात खडीचा बारीक तुकडा होता, कोण जाणे किती दिवसांपासून. त्याने जखमेवर बोट दाबलं. काहीच दुखलं नाही. त्याने नख रुतवलं. दुसऱ्याच्या पायात रुतवावं तसं वाटलं. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि धनराज तो पाय मांडीवर घेऊन बसला होता.

लटारूचंही असंच पायाच्या बोटापासून सुरू झालं होतं. धान कापलेल्या शेतात, बांधीत, धसकट पायात घुसलं आणि त्याला कळलंच नाही. धनराज तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होता. बापाला सरकारी दवाखान्यात त्यानेच आणलं होतं. डॉक्टरने शुगर सांगितली, गूळसाखर बंद, भात कमी, रोज चालायचं, पाय जपायचे. रुखमाबाईने मान हलवली. गावी गेल्यावर लटारू पूर्वीसारखाच खात राहिला. तांदळाची खीर, गुळाचा काळा चहा, मोहफुलं उकडून केलेले लाडू, सणाला पुऱ्या. माय करून द्यायची. बोट काढलं, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. बांधलेल्या पायात अळ्या पडल्या तेव्हा त्या वास येणाऱ्या खोलीत माय वाकड्या मनगटाच्या हाताने चमचा धरून त्याला खीर भरवत बसलेली धनराजने स्वतः पाहिली होती. डोळे गेल्यावर लटारू तोंड नुसतं उघडं ठेवायचा आणि चमचा आत जायचा. शेजारणी म्हणायच्या, बाई असावी तर रुखमासारखी, एवढा मार खाऊनही नवऱ्याचं तोंड गोड करते. सहा वर्षांत लटारू संपला. मयतीला माय रडली नाही, आणि ते थकव्याने असेल असं धनराजला वाटलं होतं. आज काटाघरात, मांडीवर तो बधिर पाय घेऊन, पंचवीस वर्षांनी त्याला दुसरंच वाटलं. मायने त्याला मारलं. एक शब्द न बोलता, चमच्याने, सगळ्या गावासमोर, वाहवा घेत मारलं. आणि लगेच त्याला ओट्याशी पाठ करून उभी असलेली नंदिनी दिसली.

पाळी पाचला संपली. घरी येईपर्यंत त्याचं डोकं तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. गाडी चालवताना तो मोठमोठ्याने एकटाच बोलत होता. नंदिनी चहा गाळत होती. तिने एक कप त्याच्यासमोर ठेवला आणि एक स्वतः घेतला. दिव्यानी खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. त्याने चहाचा घोट घेतला, तोंडातला चहा जमिनीवर थुंकला आणि कप फेकून मारला. कप तिच्या डोक्याला चाटून भिंतीवर फुटला. गरम चहा तिच्या गळ्यावर, दंडावर सांडला. तो तिच्यापर्यंत गेला, तिचे केस मुठीत धरले, मान मागे ओढली.

"मले मारून टाकाचा बेत आहे का तुहा?"

तिचे डोळे त्याच्या अगदी जवळ होते. ती भ्यायलेली होती, हे त्याला तिच्या गळ्याच्या शिरेवरून कळत होतं. तरी ती बोलली ते सावकाश.

"नाई. मी तुमची राखण सोडली."

त्याला कळलं नाही. ती म्हणाली की ती त्याच्यासाठी वेगळं काहीच करत नाहीये. घरात शिजतं तेच त्याच्या ताटात येतं, दिव्यानीच्या ताटात येतं तेच. "आन् चहा मले गोडच आवडते," ती म्हणाली. "चार वर्षं तुमच्यासंगं फिक्का पेली. डुकरं धानात घुसू नये म्हनून मानूस रातभर वावरातल्या माचनावर बसते. ज्याच्यासाठी बसावं तोच माचनाले लाथ मारते, तं कायले बसावं?"

त्याची मूठ वर गेली. ती कुठे बसणार हे त्याच्या मुठीला आधीच ठाऊक होतं, गालाच्या हाडावर, आणि दंडातून तो जोर खाली उतरायला लागलाच होता. तेव्हा दिव्यानीचा आवाज आला. ती खाटेवरून उठली होती आणि हातातला फोन तिने त्याला दिसेल असा धरला होता. पोलिसांचा नंबर लावून ठेवलाय, म्हणाली, फक्त हिरवं बटण दाबायचं राहिलंय. तिचं बोट बटणावरच होतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या त्या तोंडाकडे पाहताना धनराजला आठ वर्षांचा धनराज आठवला, जो उखळाजवळ उभा राहिला होता आणि ज्याच्या हातात काही नव्हतं. त्याने केस सोडले. मुठीत केसांचे तुटलेले पुंजके राहिले, ते बोटांना चिकटून बसले, झटकले तरी निघेनात.

शुक्रवारी त्याने सुटी टाकली, पायाला पट्टी बांधून घेतली आणि सावली तालुक्यातल्या गावाची एसटी धरली. मायला विचारायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ती काय सांगेल याची त्याला खात्री होती, आणि तिने तसं सांगितलं की नंदिनीचंही तेच आहे हे सिद्ध होईल, असं काहीतरी त्याने मनात धरलं होतं. माय अंगणात उन्हात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. पंच्याहत्तरीची, वाळलेली. वाकड्या मनगटाने सूप उडवताना तिला खांद्यापासून सगळा हात हलवावा लागायचा. एकटाच काऊन आला, तिने विचारलं. तो पायरीवर बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं, पाणी पिऊन झालं. मग त्याने विचारलं की बाबाला डॉक्टरने गोड बंद केलं होतं, तरी तू का देत होतीस.

सूप थांबलं नाही. दोनचार खडे तिने वेचून टाकले.

"तो मागे," माय म्हणाली. "नाई देलं का मारे. देलं का नाई मारे."

"पन त्यानंच तो मेला, माय."

"मंग मी मरा लागत होतं का?"

ती रागाने बोलली नव्हती. एक पाय गेल्यावरही तो कुबडी फेकून मारायचा, तिने सांगितलं, डोळे गेल्यावर आवाजाच्या रोखाने मारायचा, आणि तोंडात गोड असलं तेवढा वेळ मात्र तो गप राहायचा. तेवढ्यात तिची भांडी घासून व्हायची, बांधीवर जाऊन येणं व्हायचं. पहिल्या वर्षी तिने गूळ लपवून पाहिला होता. त्याने तिच्या पाठीत विळ्याचा दांडा मारला होता, त्यानंतर नाही लपवला. "लोकाईले वाटे मी लाडानं देतो. तुले आता वाटून राह्यलं का मी जीव घ्याले देलं. काहीच नाई रे तसं. मी माहे दिवस काढाले देलं."

त्याने तिला चहाबद्दल सांगितलं होतं, डब्यातल्या भाताबद्दल सांगितलं होतं, सराट्याबद्दल सांगितलं नव्हतं. मायने सूप खाली ठेवलं. रविवारीच दिव्यानीचा फोन आला होता, ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ती लटारूकडे अशीच बघायची हे त्याला एकदम ओळखू आलं, थोडी तिरपी, हात कुठे आहेत ते आधी बघून घेऊन. ती आपल्या मुलाच्या हातांकडे बघत होती.

"नंदिनीनं तुले चार वर्षं नाई देलं," माय म्हणाली. "मार खाल्ला, पन नाई देलं. माह्याच्यानं तसं नाई झालं."

परतीच्या एसटीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, वाळलेली पानं, मध्ये कापून झालेल्या बांध्या. तो मायचं वाक्य मनात उलटंसुलटं करत होता आणि प्रत्येक वेळी ते त्याच जागी येऊन लागत होतं. त्याच्या ताटातला भात ज्या हाताने धरून ठेवला होता, त्याच हाताच्या बाईला त्याने मारलं होतं. गोड घालणारीला मारायला तो धावला होता, आणि त्याआधी न घालणारीला मारत आला होता. बसच्या पत्र्यावर त्याने कपाळ टेकवलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का भाऊ, आणि धनराजने सवयीने सांगितलं की शुगर आहे. म्हाताऱ्याने सहानुभूतीने मान हलवली. ते उत्तर किती सहज तोंडात आलं हे धनराजच्या लक्षात आलं, पण तेव्हा त्याने त्यावर विचार केला नाही.

घराला कुलूप होतं. किल्ली शेजारच्या घरी ठेवली होती. दिव्यानीची पुस्तकं, नंदिनीची पेटी, कपडे, सगळं गेलं होतं. गडचिरोलीला भावाकडे गेली असं शेजारणीने सांगितलं आणि दार लावून घेतलं, पूर्वी ती चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. आत ओट्यावर गोळ्यांचे पट्टे, मशीन आणि नंदिनीची वही ओळीने ठेवलेली होती. चिठ्ठी नव्हती. त्याने भिंतीवरचा चहाचा डाग पाहिला, खाली कपाचे तुकडे वेचलेले होते. पहिले दोन दिवस तो नुसता चिडला. तिने असं जायला नको होतं, लोक काय म्हणतील, मुलीचं बारावीचं वर्ष. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला गेला तर डॉक्टरबाईंनी जखम दाबून पाहिली, कडा कापून काढल्या, रक्त येईपर्यंत कापल्या, आणि तो बघत राहिला कारण दुखत नव्हतं. आणखी आठ दिवस उशीर केला असता तर बोट ठेवता आलं नसतं, त्या म्हणाल्या. घरी पाय कोण बघतं, त्यांनी विचारलं. मीच, तो म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला आणि मग त्याला ते करावं लागलं.

ते सोपं गेलं नाही. जखम भरेपर्यंत चालणं बंद होतं, म्हणून खाणं तेवढं हातात होतं. ज्वारीची भाकर त्याला थापता येईना. पहिला महिनाभर ती तव्यावर तुटायची, एक तुकडा कच्चा, एक करपलेला. एका संध्याकाळी सलग तिसरी भाकर तुटली तेव्हा त्याने परात लाथेने उडवली, पीठ सगळ्या घरभर झालं, आणि मग त्यालाच खाली बसून ते पुसावं लागलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. पुसताना त्याला हसू आलं नाही, रडूही नाही. फक्त हे कळलं की असं पुसणं आजवर तिने किती वेळा केलं असेल. जखम भरल्यावर तो पहाटे एकटाच तलावापर्यंत जाऊ लागला. रोज भेटणारी माणसं विचारायची, वहिनी दिसत नाहीत. बोटाला सुई तो स्वतः टोचायचा. तिच्या हाताने कधी दुखलं नव्हतं, त्याच्या हाताने दुखायचं. नंतर नंदिनीच्या वहीत त्याला सापडलं की बोटाच्या मधोमध टोचू नये, कडेला टोचावं. काटाघरात तो दर तासाला उठून खिडकीपाशी शंभर पावलं मोजायला लागला. समोस्याची टपरी ओलांडताना कधी कधी त्याच्या अंगात खरोखर हिंसा उसळायची, टपरीच उधळून लावावी अशी. मग ती जायची. काही दिवस आकडे चांगले यायचे, काही दिवस काही न करता वाईट. वाईट आकडा आला की तो घरात कोणीतरी शोधायचा. बरेच महिने शोधत राहिला.

आठ महिन्यांनी त्याने तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासली. साडेदहा टक्क्यांवरून ती सहा पूर्णांक नऊवर आली होती. डॉक्टरबाई चकित झाल्या. तो रिपोर्ट पिशवीत घालून, प्लास्टिकच्या पाकिटात जपून, त्याने गडचिरोलीची बस धरली. धानाची रोवणी आटोपली होती, बांध्या हिरव्या होत्या. बसमध्ये त्याने काय बोलायचं ते चारदा जुळवलं. नंदिनी मुलींच्या एका वसतिगृहाच्या खानावळीत कामाला लागली होती, हे त्याला मायकडून कळलं होतं. दिव्यानीला तिथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. नंदिनीच्या भावाने दार उघडलं, ओसरीवर सतरंजी टाकली आणि स्वतः अंगणात जाऊन सायकल पुसत बसला, म्हणजे तिथून सगळं दिसत होतं. नंदिनी आली. ती जरा भरली होती. बोलताना ती उजवा कान पुढे करत होती. त्याने रिपोर्ट दिला. तिने तो पूर्वीसारखाच वाचला, आकड्याखाली बोट धरून, एकेक ओळ, मागचं पानसुद्धा. चांगलं आलंय, म्हणाली. पाय दाखवायला तिने सांगितलं नाही, पण मायकडून कळलेल्या करंगळीच्या जखमेचं काय झालं ते विचारलं, आणि भरली, तो म्हणाला. मग त्याने जुळवून आणलेलं ते सांगितलं.

"शुगर चढली का माह्यं डोकं ठिकानावर नव्हतं राहत. आता शुगर ताब्यात आहे. आता तसं नाई होनार. तू चाल घरी."

नंदिनीने रिपोर्टची घडी घातली. दिव्यानी आतल्या दाराला टेकून उभी होती. तो आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"बाबा, काट्यावर शुगर चढे तेव्हा कोनाले मारत होते?"

त्याला वाटलं तिने टोमणा मारला. पण ती खरोखर विचारत होती, उत्तराची वाट बघत. तो उत्तर द्यायला गेला आणि त्याच्यासमोर ती खिडकी आली, एकोणीस वर्षांची. खिडकीतून त्याच्या तोंडावर पानाची पिंक टाकणारा ड्रायव्हर आला. सगळ्यांसमोर त्याला आईवरून शिवी देणारा मॅनेजर आला, ज्याला तो जी साहेब म्हणाला होता, तेव्हा शुगर साडेतीनशे होती, त्याला आठवलं. कंत्राटदाराच्या माणसाने कॉलर धरली होती. त्याने हात जोडले होते. एकदा तर शुगर उतरून अंगाला दरदरून घाम सुटला होता, डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि समोरचा पोरगेला क्लीनर अरेतुरे करत होता. त्याने त्याला भाऊ म्हटलं होतं. इतक्या वर्षांत एकदाही हात वर गेला नव्हता. हाताला प्रत्येक वेळी ठाऊक होतं, समोर कोण आहे ते. चढलेल्या शुगरमध्येही ठाऊक होतं, उतरलेल्या शुगरमध्येही. घरी आल्यावरही ठाऊक होतं. अंगणात सायकल पुसण्याचा आवाज थांबला होता. त्याला बापाचं नाव घ्यावंसं वाटलं, रक्ताचं सांगावंसं वाटलं, आणि तिघंही त्याच्याकडे बघत असताना त्याने ते सोडून दिलं.

"कोनालेच नाई," तो म्हणाला.

मग नंदिनीने रिपोर्ट त्याला परत दिला आणि सांगितलं की हे त्याला एकट्याला करता येतं, ते चांगलं झालं, त्याने असंच करत राहावं; ती इथेच राहणार आहे. चंद्रपूरची चारची गाडी मूलमार्गे जाते, गोळी घेतली असेल तर काही खाऊन निघा, असंही म्हणाली. भाकर आणली आहे, तो म्हणाला. ती आत गेली. त्याने पिशवीतून फडकं काढलं, सतरंजीवर सोडलं आणि ओसरीवर एकटा बसून आपली भाकर आणि जवसाची चटणी खायला लागला. भाकर कोरडी होती, घास अडकला, त्याला खोकला आला. आतून दिव्यानी पाण्याचा गिलास घेऊन आली. ती दाराबाहेर दोन पावलं आली, थांबली, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि बसल्या जागेवरून त्याचा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर गिलास खाली ठेवून मागे सरकली. तो उठला, पुढे जाऊन गिलास उचलला, आणि परत आपल्या जागेवर येऊन बसून पाणी प्याला.